न विचारता केलेली झाडलोट

आमच्याकडे दिवाळीआधी घर झाडायला काढलं की एक रीत असते. झाडणारी घरची असो की बाहेरची, कोनाड्यातली किंवा फळीवरची वस्तू टाकायच्या आधी ती हाक मारून विचारते, "हे ठिवायचं का टाकायचं?" वस्तू कितीही फुटकी असली तरी विचारते. फुटक्या डब्यात कुणी काय जपून ठेवलंय हे झाडणारीला माहीत नसतं, म्हणून. एवढी साधी गोष्ट आमच्या झरी गावातल्या शेंबड्या पोराला कळते, आणि जगभर माल विकणाऱ्या एका परदेशी कंपनीला कळत नाही. याचा मला इतका राग आलाय की लिहून काढल्याशिवाय तो जायचा नाही.

राग एका कॉम्प्युटरच्या खेळावरून आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. माझ्या ऑफिसातल्या लोकांनी तेच केलं.

माझे वडील झरीच्या शाळेत शिक्षक होते. परभणीतलं एक सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर त्यांनी मला टायपिंग यावं म्हणून आणला. मॉनिटर त्यांच्या मांडीवर आणि डबा सीटखाली, असा तो टमटममधून गावात आला. टायपिंग राहिलं बाजूला. आत हा खेळ निघाला. एक मुलगी गावोगाव फिरते, माणसांशी बोलते, त्यांची अडलेली कामं करून देते, वाटेत लांडगे आडवे येतात, आणि शेवटी डोंगरावरच्या किल्ल्यात जाऊन ती एका दुष्ट राजाचा निकाल लावते. खेळाचं नाव मी घेणार नाही, त्यांची फुकटची जाहिरात कशाला?

हा खेळ मी आणि माझी आत्या मिळून खेळायचो. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिला पालमला दिली होती. पहिलं लेकरू झालं, मुलगी, आणि काही दिवसांतच गेलं. दात न आलेल्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला जातात ते पुरुष. आत्याच्या मांडीवरून लेकरू उचललं, तिला दोघींनी धरून आतल्या खोलीत नेलं, आणि ती बाहेर आली तेव्हा सगळं आवरून झालं होतं. कुठं ठेवलं, असं तिनं विचारलं, तर "विचारू नये, जीव अडकतो" म्हणाले. पुढे सासरी जमलं नाही, आणि आत्या कायमची झरीला आली. ती जागा तिला आजपर्यंत कुणी दाखवलेली नाही.

आत्या दिवसभर देवळासाठी वाती वळायची, आणि मी शाळेतून आले की तोच कापूस घेऊन माझ्या मागे येऊन बसायची. खेळातली माणसं इंग्रजीत बोलायची. माझं इंग्रजी तेव्हा मांजर आणि चेंडूच्या पुढे सरकलेलं नव्हतं, आत्याला तर तेवढंही येत नव्हतं. मग आम्ही चेहऱ्यांवरून नाती लावली. लोहार आमच्या थोरल्या मामासारखा दिसायचा, म्हणून तो मामा. सराई चालवणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी असायची, ती आत्याच्या पालमच्या नणंदेसारखी होती. तिच्याकडून आत्यानं मला कधी पाण्याचा घोट विकत घेऊ दिला नाही. आमची मुलगी उपाशी झोपायची, पण त्या सराईची पायरी चढायची नाही.

प्रत्येक गावाच्या तोंडाशी रस्त्याकडेला एक उभा दगड असायचा. त्यावर काही रेघोट्या होत्या, पण त्या जुन्या पडद्यावर नीट दिसायच्याच नाहीत. आत्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं.

"मसोबा हाय. हात जोड."

"आत्या, हिला हात जोडता येत न्हाईत. तसं बटण न्हाई."

"मग निवद ठिव. त्याला तर बटण हाय ना?"

पिशवीतली वस्तू जमिनीवर ठेवायचं बटण होतं. म्हणून आम्ही दगडापाशी पाव ठेवायला लागलो. आत्या त्याला भाकर म्हणायची. आणि नवल म्हणजे मसोबा पावायचा. निवद ठेवला की त्या वेशीवरचे लांडगे आमच्याकडे वळूनही बघत नसत, त्या पावाभोवती जाऊन बसत. खात मात्र नसत. "देवाचं हाय ते. जनावराला बी कळतंय," असं आत्याचं म्हणणं. मोठेपणी मी कुठेतरी वाचलं की तो दगड साधा मैलाचा दगड होता, आणि जमिनीवर खायचं दिसलं की लांडग्यांनी तिकडे जावं, ही बनवणाऱ्यांचीच योजना होती. खाण्याचं चित्र काढायचा मात्र त्यांनी कंटाळा केला असणार. मी आत्याला हे मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग, मी दुसरं काय म्हणत व्हते?"

त्या खेळाची मोठी गोष्ट ही होती की तुम्ही खाली ठेवलेली वस्तू तिथेच राहायची. आज ठेवा, पुढच्या पावसाळ्यात परत या, जागची हललेली नसायची. आमच्या जगात प्रत्येक वेशीवर निवदांची रास लागली होती. वडील दवाखान्यात होते तेव्हाचे पाव, माझ्या दहावीच्या परीक्षेचे पाव, आत्या बोटानं दाखवून सांगायची.

आणि बाहुली होती. दुसऱ्या गावच्या बाजारात एक लाकडी बाहुली मिळायची. तिचा कशालाच उपयोग नव्हता, तिनं ना ताकद वाढायची ना कुठलं दार उघडायचं. आत्यानं ती घ्यायला लावली. मग म्हणाली, "नदीकडं चल." नदीच्या काठाला एक मोठं झाड होतं. तिथं पोचल्यावर तिनं वाती खाली ठेवल्या, हात पदराला पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डाला हात लावला. बाहुली झाडाखाली ठेवली.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"राहू दे तितं."

त्या दिवसापासून खेळ सुरू केला की आधी त्या झाडाशी जायचं आणि मग पुढची कामं. मी कॉलेजसाठी परभणीला निघाले, त्या वर्षी तिनं आपणहून सांगितलं. "तिला कुठं ठिवलं ते मला कुणी सांगितलं न्हाई. मग म्याच ठरवलं, हितं." एवढंच बोलली आणि माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी नीट बसवायला लागली.

आम्ही तो खेळ कधी संपवला नाही. राजाला मारलं की शेवटची चित्रं दाखवून खेळ बंद व्हायचा, असं ऐकलं होतं. आत्याला त्या राजाशी काही घेणंदेणं नव्हतं. मी नोकरीला लागले, परभणीतच एका ऑफिसात, आणि ती झरीत एकटी खेळत राहिली. बाण कुठले आणि बटण कुठलं ते तिला पाठ झालं होतं. पुढे कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तेव्हा मी आमचं ते साठवलेलं जग पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. नंतर तो जो बंद पडला तो पडलाच. जग हातात होतं, पण ते उघडायला खेळ नव्हता.

खेळ तेव्हा इंटरनेटवर विकत मिळत होता, जुना, जसा होता तसा. मी घेणार, तेवढ्यात बातमी आली की कंपनी तो नव्या रूपात आणतेय. चित्रं नवी, संगीत नवं, आणि खाली ठळक अक्षरांत, तुमचा जुना प्रवास जसाच्या तसा पुढे न्या. जसाच्या तसा, हे शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत. मी म्हटलं, थांबूया, नवाच घेऊ, आत्याला मोठ्या अक्षरांत आणि स्वच्छ चित्रांत बघायला मिळेल. आणि नवा खेळ ज्या दिवशी आला त्याच दिवशी या शहाण्यांनी जुना दुकानातून काढून टाकला. माणूस नवं घर बांधतो तेव्हा निदान जुन्यात राहणाऱ्यांना सामान हलवायला वेळ देतो.

नवा खेळ मी आधी परभणीत माझ्या लॅपटॉपवर थोडा खेळून बघितला, नव्यानं, पहिल्यापासून. आमचं जग उघडलं नाही. आत्याच्या जागेवर तिच्याआधी जाऊन बघणं मला बरं वाटेना. पण जे बघितलं त्यानंच टाळकं सरकलं. जुन्या खेळात लांबवर धुकं असायचं, पुढे काय आहे ते कळायचं नाही, म्हणून जग केवढं मोठं वाटायचं. यांनी धुकं काढून टाकलं. आता पहिल्या गावाच्या वेशीतून शेवटचा किल्ला दिसतो, सगळं राज्य आमच्या शिवाराएवढं. रस्त्यावर पिवळे बाण काढून ठेवलेत, इकडे जा, तिकडे वळा, जणू खेळणारा ठार आंधळा आहे. हा अवतार मूळचा मोबाइलसाठी केलेला आणि तोच उचलून कॉम्प्युटरवर आणून टाकलाय, म्हणून अर्धा पडदा बटाट्याएवढ्या बटणांनी भरलेला. आणि जरा वेळ हात थांबला की पाटी येते, तुम्ही अजून आहात का? होय दाबलं नाही तर खेळ आपला आपण बंद होतो. अरे, माणूस चहा ठेवायला उठतो, गॅसवर दूध असतं, दारात कुणी येतं. तुम्ही कोण हजेरी घेणारे?

ऑफिसात मी हे बोलून दाखवलं. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, जुना खेळ तुम्हाला कॅफेवाल्यानं फुकट दिलेला. फुकटच्या गोष्टीवर एवढा हक्क?" हक्क फुकट मिळालेल्या गोष्टीवरच जास्त असतो. आईबाप कुणी विकत घेतलेत? हे मला सुचलं तोवर साहेब जेवायला गेले होते.

तरीही रविवारी मी झरीची एसटी धरली. म्हटलं, बटणं मोठी असोत, बाण पिवळे असोत, आत्याला तिचं झाड दिसलं की पुरे.

आत्यानं आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं. माझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि म्हणाली, "लय दिवसांनी चाललोय ना आपण." मी पेनड्राइव्ह लावला. खेळानं आमचं जग ओळखलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. आमचीच मुलगी, तिची हिरवी ओढणी, तिची जुनी तलवार, पिशवीत आम्ही जपलेले पाव. चेहरा मात्र असा चोपडून गुळगुळीत केलेला की आत्या जवळ वाकून म्हणाली, "ही आपलीच हाय ना? कातडी कुणाची चढवली हिला?"

मुलगी सराईत उभी होती. नणंदबाई आता वीस वर्षांची झाली होती, लाल ओठ, उडते केस, तोंडभर हसू.

"हिला कामून एवढी नटवली?" आत्या उसळलीच. "एवढे दिवस मी हिच्याशी बोल्ले न्हाई, ते काय हिनं नटून दाखवावं म्हणून?"

मला हसू आलं. तेवढंच, शेवटचं.

वेशीवर आलो. दगड चकाचक होता. रेघोट्यांच्या जागी आता स्पष्ट अक्षरं होती, पुढच्या गावाचं नाव आणि किती कोस ते. मी वाचून दाखवलं. दगडापाशी एकही पाव नव्हता. दवाखान्याचे नव्हते, दहावीचे नव्हते. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ. मला वाटलं, आपण चुकीच्या गावी आलो.

"नदीकडं चल," आत्या म्हणाली.

झाड होतं. झाडाला त्यांनी पानं लावली होती, एकेक पान वेगळं हलत होतं, सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू? खाली काहीच नव्हतं. आत्यानं लॅपटॉप माझ्या पुढ्यातून ओढून घेतला आणि मुलीला झाडाभोवती फिरवलं, मागच्या बाजूनं, काठापर्यंत, परत. मग वेशीवर नेऊन दगडापाशी एक पाव ठेवला, गावात शिरली, बाहेर आली. पाव नव्हता. लांडगे सरळ अंगावर आले.

"कुणी उचललं?" तिनं विचारलं.

"कुणीच न्हाई, आत्या. आपण पाठ फिरवली की ते आपोआप झाडून काढतंय. नवीन केलंय त्यांनी."

"आन् तिचं?"

मी मान हलवली. आत्यानं पदर तोंडावर घेतला नाही की रडली नाही. "इचारलं न्हाई," एवढंच म्हणाली. "ह्यांनी बी इचारलं न्हाई." आणि उठून चुलीपाशी गेली. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला. पालमच्या माणसांनी निदान काय उचलतोय हे माहीत असून उचललं होतं. यांना तेही माहीत नव्हतं.

मी कंपनीला लिहिलं. शब्दकोश शेजारी ठेवून, सगळं इंग्रजी पणाला लावून. बाहुलीबद्दलही लिहिलं, कारण लपवायचं कशाला? उत्तर आलं ते कुणी माणसानं लिहिलंय असं वाटत नव्हतं. आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. जमिनीवर पडून राहिलेल्या निरुपयोगी वस्तू काढल्यामुळे खेळ आता अधिक वेगानं चालतो. वेगानं! आम्हाला कुठे जायची घाई होती? माझ्या ओळखीच्या एकानं इंटरनेटवरून कुठूनतरी जुना खेळ उतरवून दिला, तो नव्या लॅपटॉपवर काळा पडदा दाखवण्यापलीकडे काही करेना. जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, तर दुकानदारानं त्याच्यापुढे उदबत्ती लावायचा सल्ला दिला. सगळीकडून हेच, की जाऊ द्या, नवं घ्या, किती छान दिसतंय. छान दिसतंय हे मला मान्य आहे. बाळंतिणीची खोली पण नंतर छान सारवून घेतात.

पुढच्या रविवारी मी परत झरीला गेले ते हात हलवत. लॅपटॉप सोबत होता, पण तो काढायचा माझा विचार नव्हता. आत्यानं उत्तरात काय आलं ते विचारलं. मी निरुपयोगी हा शब्द गाळून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काढ ते मशीन."

तिनं मुलीला बाजारात नेलं. बाहुली अजून विकायला होती, आता रंगवलेल्या डोळ्यांची. "ती न्हाई ही," आत्या म्हणाली, आणि घेतली. नदीकडे गेली, झाडाखाली बाहुली ठेवली. मग हात बाजूला घेतला.

"आत्या, इथून हललं की जाईल ती."

"ठाव हाय. म्या पाव ठिवून बघितला की तव्हा. पाठ फिरवली तरच उचलतेत." ती कापसाची टोपली ओढून लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. "तव्हा मला दोघींनी धरून आत नेलं. मी उठले, म्हणून उचललं. आता मी उठतच न्हाई. बघू कोण नेतंय."

मी तिला समजावणार होते की असं किती दिवस चालणार, लाईट जाते, लॅपटॉप तापतो, मला सोमवारी ऑफिसात लागतो. त्याऐवजी चार्जर काढून भिंतीला लावला, आणि ती पाटी आली की कुठलं बटण दाबायचं तेवढं तिला दाखवलं. संध्याकाळच्या एसटीनं परभणीला परत आले. रिकामी पिशवी मांडीवर होती.

आता मी रोज ऑफिसातून सुटले की तिला फोन करते. आज फोनवर मधेच ती थांबली.

"काय झालं?"

"काही न्हाई. ते परत इचारायलंय, हाईत का म्हणून."

"मग?"

"मग काय. हाय म्हणलं."